वहीतली फुली: हळदीकुंकवाला बोलावणाऱ्या सगळ्याजणींना खुलं पत्र

आमच्या सोसायटीच्या महिला मंडळातल्या, आणि संक्रांत ते रथसप्तमी जिथे जिथे हळदीकुंकू होतं तिथल्या सगळ्या मैत्रिणींना,

स. न. वि. वि.

मंडळाची हिरव्या पुठ्ठ्याची दोनशेपानी वही अजून माझ्याकडे आहे. परत मागायला कुणी आलं नाही आणि मीही नेऊन दिली नाही. २०१३ ते २०२० अशी आठ वर्षं हळदीकुंकवाच्या बोलावण्याची यादी मी करत होते. बावन्न फ्लॅट. डावीकडे फ्लॅटचा नंबर, पुढे नाव, आणि बोलावणं करून आलं की त्यापुढे बरोबरची खूण. काही ओळींपुढे मात्र आधीच फुली मारलेली असायची. फुली म्हणजे त्या घरी जायचं नाही. त्या फुलीचा अर्थ मला कुणी समजावून सांगितला नव्हता. माझ्याआधी यादी करणाऱ्या ताईंच्या पानावर ती होती, मी पान उलटून नव्या पानावर तशीच उतरवली. तीनशे दोनमधल्या काकूंपुढे आठही वर्षं फुली आहे, आणि ती माझ्या अक्षरातली आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझा नवरा गेला. करोनाची दुसरी लाट होती. बेड मिळायला दीड दिवस लागला, मग अकरा दिवस व्हेंटिलेटर, आणि शेवटी किट घातलेल्या दोन मुलांनी लांबूनच दाखवलेला चेहरा. त्याबद्दल आज लिहायचं नाहीये. लिहायचंय ते त्यानंतरच्या दिवसांबद्दल, कारण तेव्हा तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते मी जन्मात विसरणार नाही. तीन आठवडे माझ्या दाराबाहेरच्या स्टुलावर रोज डबा असायचा, रोज वेगळ्या घरचा. कुणी औषधं आणून दिली, कुणी बँकेत रांगेला उभं राहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी रात्री अकराला फोन करायच्या आणि मी काही बोलले नाही तरी ठेवून द्यायच्या नाहीत. अशा बायकांना हे पत्र लिहायचं म्हणून तर हात जड झालाय. वाईट बायका असत्या तर लिहिलंच नसतं.

त्यानंतरच्या संक्रांतीला ओमायक्रॉन होता, मंडळाने हळदीकुंकू केलं नाही. २०२३ च्या जानेवारीत पुन्हा सुरू झालं. दिवस शनिवारचा. मी ओट्याशी पोळ्या करत होते. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली, जाळीचं दार सरकलं आणि हसणं ऐकू आलं. बांगड्यांचा, कडक इस्त्रीच्या साड्यांचा आवाज. समोरच्या दाराची बेल वाजली. मी तव्यावरची पोळी उलटली. मग शेजारच्या दाराची बेल वाजली. मी गॅस बारीक केला, हात पुसले, केस सारखे केले आणि बाहेरच्या खोलीत येऊन उभी राहिले. खरं सांगते, बोलावणार नाहीत असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आठ वर्षं मीच त्या घोळक्यात असायचे.

बेल वाजली नाही. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. आवाज ऐकून तिनेच दार उघडलं. मला दाराच्या फटीतून एक हात दिसला, करंडा धरलेला. तिच्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला. "गोड बोल हं." मग हलक्या आवाजात, "हे आईला दे." चहाची स्टीलची गाळणी होती, त्या वर्षीचं वाण. दार लागलं, लिफ्ट खाली गेली. पोरगी गाळणी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तू इथेच तर होतीस. मग माझ्याकडे का दिली?"

मी तिला काय सांगितलं ते आठवत नाही. काहीतरी थातुरमातुर सांगितलं असणार. स्वयंपाकघरात धूर झाला होता, पोळी जळून कोळसा झाली होती. ती गाळणी मी आजवर वापरलेली नाही, टाकूनही दिलेली नाही. आणि त्या रात्री पहिल्यांदा मला तीनशे दोनच्या काकू आठवल्या. त्यांच्या मजल्यावर मी किती वेळा अशी लिफ्टमधून उतरले असेन. तीनशे एक, तीनशे तीन, तीनशे चार. मधलं दार सोडून.

त्या वर्षभरात कागदोपत्री मी काय काय झाले तेही सांगते. हिंदू वारसा कायद्याने १९५६ सालीच नवऱ्याच्या मागे बायकोला पहिल्या वर्गाची वारस केलंय. सासूबाई, मुलगी आणि मी अशा तिघींचा हिस्सा. तहसील कार्यालय, बँक, विमा, सगळीकडे खेटे घातले, सासूबाईंनी आपला हक्क आनंदाने सोडला, आणि फ्लॅटचा भागदाखला माझ्या नावावर झाला. मेंटेनन्सचं बिल माझ्या नावाने येतं. २०२४ च्या वार्षिक सभेत तुम्हीच मला सोसायटीची खजिनदार केलंत, एकमताने. आज लिफ्टच्या कंत्राटाच्या चेकवर माझी सही असते, वॉचमनच्या पगारावर असते, गणपतीच्या वर्गणीची पावती मी फाडते. महिला मंडळाला हळदीकुंकवासाठी सोसायटीच्या खात्यातून जे तीन हजार मिळतात, तो चेकसुद्धा मीच लिहिते. चेक लिहिणाऱ्या हाताची बोटं करंड्यात बुडाली तर कुणाचं काय बिघडणार आहे, हे मला कुणीतरी नीट सांगा. मी भांडायला विचारत नाही. मला खरंच ऐकायचंय, कारण मंडळात आजवर कुणी ते तोंडाने बोललेलं नाही.

आणि चौथ्या मजल्यावरच्या काकांची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. काकू गेल्या त्याला वर्ष व्हायच्या आत त्यांनी आपल्या सोसायटीच्या गणपतीची प्रतिष्ठापना केली. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. माणूस सावरतोय, चार माणसांत येतोय. त्यांच्या कपाळाला गंध लावताना कुणाचा हात थबकला नाही. त्यांच्या नावामागे काही लावायला लागलं नाही, काही काढायला लागलं नाही. माझ्या बाबतीत मात्र माहेरच्या एका लग्नाच्या आमंत्रणावर नावाआधी 'गं. भा.' आलं, म्हणजे गंगा भागीरथी, म्हणजे विधवा. टाईप करणाऱ्या पोराला त्याचा अर्थही माहीत नसेल. कुणीतरी घरातल्या मोठ्या माणसाने सांगितलं, त्याने छापलं.

ह्या दोन अक्षरांवरून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता ते आठवतंय ना? २०२३ च्या एप्रिलमध्ये महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी खात्याच्या सचिवांना पत्र लिहिलं की 'विधवा' ऐवजी 'गंगा भागीरथी' हा शब्द वापरण्याबाबत प्रस्ताव तयार करा. टीका झाली, मग निर्णय झालेला नाही असा खुलासा आला. हेतू सन्मानाचा असेलही, मी त्यावर वाद घालत नाही. पण नाव बदलून काय होणार होतं? बाईला गंगा म्हणायचं आणि तिने दिलेलं पाणी शुभकार्यात चालवून घ्यायचं नाही, हे आपण पिढ्यान् पिढ्या केलंय. मला माझं नाव आहे. त्याच्या आधी 'श्रीमती' लिहा, काहीच लिहू नका, चालेल. माझं लग्न झालं होतं, नवरा होता की नाही, आहे की गेला, हे लिफाफ्यावरून पोस्टमनला कळायची काय गरज आहे?

आपली सोसायटी कर्वे पुतळ्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे. भाजी आणायला जाताना आपण रोज त्या पुतळ्याला वळसा घालतो. ते कर्वे. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. मुरूडला गावाने कर्व्यांच्या घरादारावर बहिष्कार टाकला, म्हाताऱ्या आईला त्याचा त्रास भोगावा लागला. पुढे हिंगण्याच्या माळावर त्यांनी विधवांसाठी आश्रम उभा केला आणि तिथून फर्ग्युसनला गणित शिकवायला पायी जायचे. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. हिंगणे म्हणजे आजचं कर्वेनगर, आपल्या मुली ज्या शाळा-कॉलेजांत जातात तो परिसर. त्यांच्याही आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी जीव देऊ नये, पोटचं पोर मारू नये म्हणून. तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी ठरवलं की विधवांच्या डोक्यावर आमचा वस्तरा चालणार नाही. त्यांच्या उत्पन्नावर पाणी पडणार होतं तरी ठरवलं.

हे सगळं तुम्ही शाळेत शिकलाय, मीही शिकलेय, परीक्षेत पाच मार्कांना लिहिलंय. तरीही हे इथे सांगतेय, कारण मला आतून एक गोष्ट खुपते. केशवपन गेलं. अलवण, ते विधवांचं तांबडं लुगडं, गेलं. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. शिक्षण मिळालं, नोकरी मिळाली, घर नावावर झालं. जी कामं अवघड होती, ज्यांच्यासाठी माणसांनी दगड आणि शेण झेललं, ती झाली. आणि ज्याला काडीचा खर्च नाही, कुणाची परवानगी लागत नाही, नुसती एक बेल वाजवायची आहे, ते तेवढं शिल्लक राहिलंय. आणि ते आपल्या हातात राहिलंय. बाईच्या हातात. तिथे कुठला भटजी उभा नसतो, सासरा उभा नसतो. त्या लिफ्टमध्ये सगळ्या आपणच असतो.

कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की आमच्या गावात नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला दोन दिवसांनी शंभर वर्षं पूर्ण होत होती, त्याचं औचित्य धरून. त्यामागे करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे आणि त्यांच्या संस्थेची धडपड होती. करोनाच्या काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीला त्याच्या बायकोशी काय वागले ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. पुढे त्यांनी स्टँपपेपरवर लिहून दिलं की माझ्या मागे माझ्या पत्नीला ह्यातलं काही करायला लावायचं नाही. त्यांचं बघून आणखी काही पुरुषांनी तसंच लिहून दिलं. हेरवाडच्या ठरावानंतर दोन आठवड्यांच्या आत राज्याच्या ग्रामविकास खात्याने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना आवाहन केलं, आणि गावोगाव ठराव होत गेले.

ठराव केला म्हणजे लगेच सगळं बदलतं असं मी भाबडेपणाने म्हणत नाही. परिपत्रक म्हणजे आवाहन, ते न पाळणाऱ्याला दंड नाही. पण ग्रामसभेत कुणाला तरी उभं राहून हे मोठ्याने म्हणावं लागलं, कुणाला तरी अनुमोदन द्यावं लागलं. आपल्या सोसायटीच्या सभेत पार्किंगवर दोन तास बोलतात, कबुतरांच्या जाळीवर बोलतात, कुत्र्यांना खायला घालायचं की नाही ह्यावर तर हातघाईवर येतात. हा विषय कधीच पुढे येत नाही. शहराने खेड्याला मागास म्हणायचं आणि हेरवाडच्या बायाबापड्यांनी चार वर्षांपूर्वी हात वर करून जे केलं ते आपण कुजबुजतही नाही, ह्याची मला लाज वाटते.

आता हळदीकुंकू बंदच करा म्हणणाऱ्यांविषयी. माझी एक जवळची मैत्रीण, कॉलेजात प्राध्यापक आहे, ती म्हणते ह्या प्रथेच्या मुळातच भेदभाव आहे, बोलावणं मागतेस कशाला, ही वहीच फाडून टाक. तिचा युक्तिवाद मला कळतो. पण तिच्यासारखी मी नाही. मला हळदीकुंकू आवडतं. मनापासून आवडतं. लहानपणी साताऱ्याला आजीबरोबर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जायचे, वाटीतली आंब्याची डाळ, पन्ह्याचा तो वेलचीचा वास, ओटीत भिजवलेले हरभरे, मनगटावर फिरवलेलं अत्तर, वर गुलाबपाण्याचा शिडकावा. चाळीतल्या ज्या बाईला एरवी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला कारण लागायचं, ती त्या दुपारी सात घरं हिंडून यायची. माझी आजी ह्या निमित्ताने गाव बघायची. बायकांनी बायकांसाठी राखून ठेवलेली ती दुपार आहे. ती बंद का करायची? दार मोठं करा.

आणि मैत्रिणींनो, दार मोठं करताना एक सांभाळा. आजकाल पेपरात फोटो येतात. 'विधवा भगिनींसाठी हळदीकुंकू', मोठा मंडप, मागे नेत्याचा फ्लेक्स, स्टेजवर खुर्च्यांची रांग, त्यावर ओशाळून बसलेल्या बायका, आणि एक पाहुणी एकेकीला कुंकू लावताना कॅमेऱ्याकडे बघते आहे. करणाऱ्यांची मनं चांगली असतील, काही बायकांना त्याने धीरही आला असेल, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण माझ्यासाठी तसं काही करू नका. मला स्टेजवर बसायचं नाही. वेगळा दिवस नको, वेगळं वाण नको, सत्कार नको, माझ्याबद्दल भाषण तर मुळीच नको. सहाशे तीनची बेल वाजवल्यावर सहाशे चारची वाजवा. मी दार उघडीन, तुम्ही 'येतेस ना गं?' म्हणा, मी 'साडी बदलून आलेच' म्हणेन. एवढंच मला हवंय.

तुम्ही म्हणाल, तिला वाईट वाटेल म्हणून बोलावत नाही. दोघीतिघींनी मला नंतर खासगीत तसं सांगितलंय, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच वाटत होतं की करंडा पुढे केला तर मी रडेन. कदाचित रडलेही असते. मग काय झालं असतं? दहा जणींच्या मधे रडले असते, कुणीतरी पाणी दिलं असतं, पाठीवरून हात फिरवला असता. जळक्या पोळीच्या वासात एकटी रडले त्यापेक्षा ते बरं नव्हतं का? आणि जिला कुंकू लावून घ्यायचं नाही ती नको म्हणेल. माझ्या सासूबाई नको म्हणतात. मामंजींच्या मागे त्यांनी बावीस वर्षं कुंकू लावलेलं नाही, तो त्यांचा निर्णय आहे आणि त्यांना त्यात समाधान आहे. त्या फक्त तिळगूळ घेतील, डाळ खातील, गप्पा मारतील. नको म्हणायचा हक्क बोलावलं तरच मिळतो. तुम्ही आमच्या वतीने आधीच नको म्हणून टाकता.

काहीजणींना मनातून भीती वाटते, हे मला माहीत आहे. ती बोलून दाखवायला जीभ रेटत नाही, म्हणून मीच बोलते. ही आली तर माझ्या संसाराला दृष्ट लागेल का? माझ्या कुंकवाला काही होईल का? मी ह्या भीतीला हसत नाही. नवऱ्याला ताप आला तरी पोटात कसा गोळा येतो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण मला सांगा, २०२० च्या जानेवारीत, फुल्या मारून, निवडून निवडून बोलावलेल्या सवाष्णींत मी होते. उपास केले होते, वटपौर्णिमेला सात फेरे मारले होते, मंगळागौर पाच वर्षं पुजली होती. आपल्याच बिल्डिंगमधून त्या लाटेत तीन पुरुष गेले. तिघांच्याही बायका त्या यादीत बरोबरच्या खुणेच्या होत्या. तीनशे दोनमधल्या काकू त्यांच्याजवळपासही आल्या नव्हत्या.

२०११ च्या जनगणनेत देशात चार कोटींहून जास्त विधवा होत्या. करोना त्यानंतरचा. एवढ्या बायकांच्या पायगुणावर जग चाललं असतं तर ते केव्हाच थांबलं असतं.

लग्नांविषयी थोडं लिहिते, कारण हळदीकुंकवाला न बोलावणं एक वेळ गिळता येतं, तिथे ते गिळवत नाही. गेल्या मे महिन्यात एका मैत्रिणीच्या मुलीचं लग्न झालं. मैत्रिणीने ती पोर वयाच्या नवव्या वर्षापासून एकटीने वाढवली, शिवणकाम करून, नंतर पोळीभाजी केंद्र चालवून. लग्नाचा हॉल तिच्या पैशांचा, दागिने तिच्या पैशांचे. सकाळी ग्रहमखाला पाटावर कोण बसलं? पोरीचे काका-काकू. पंधरा वर्षांत ज्यांनी दोनदा फोन केला असेल ते. हळद लागली ती पाच सवाष्णींच्या हातून. आई कुठे होती? मी शोधत गेले तर ती भटारखान्याच्या दाराशी आचाऱ्याला मसालेभाताचं काही सांगत होती. नवी कोरी पैठणी, केसांत गजरा नाही. मी तिचा हात धरून तिला पुढे आणायला लागले तर म्हणाली, "नको गं, आज नको, पोरीचा दिवस आहे." स्वतःच्या पोरीच्या दिवसात स्वतःच्या सावलीची भीती घालून दिलीय आपण तिला. पोरीने लांबून ते बघितलं. ती पाटावरून उठून आली, हातावरची ओली हळद आईच्या दोन्ही गालांना फासली आणि परत जाऊन बसली. गुरुजी दोन मिनिटं थांबले, मग पुढचा मंत्र म्हणायला लागले. कुणी काही बोललं नाही. एवढं सोपं होतं ते.

मला तुमच्याकडून माफी नकोय. मागायला मला तोंडही नाही, कारण आठ वर्षांच्या फुल्या माझ्या आहेत. उलट मलाच मागायची होती, ती मागून झाली. गेल्या आठवड्यात मी तीनशे दोनमध्ये गेले. वही घेऊन गेले. काकूंचं वय आता अठ्ठ्याहत्तर. त्यांना ती पानं दाखवली आणि सांगितलं की हे मी केलंय. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पानं उलटली. माझं अक्षर छान आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आम्ही त्या दिवशी टीव्हीचा आवाज मोठा करायचो. आमची सून म्हणायची, आई, कमी करा. मी म्हणायचे, असू दे." एवढंच बोलल्या आणि चहा टाकायला उठल्या.

मंडळासाठी माझी मागणी आता लिहूनच देते. नव्या वहीत फुलीचा रकाना नको. बावन्न फ्लॅटमधल्या सगळ्या बायकांना बोलावणं करायचं. विधवा, घटस्फोटित, लग्न न केलेल्या, सी विंगमध्ये भाड्याने राहणाऱ्या त्या दोघी नर्स मुली, आणि आपल्याकडे पंधरा वर्षं कामाला येणाऱ्या मावशीसुद्धा, ज्यांचा नवरा आहे की नाही हे आपण कधी धड विचारलेलंही नाही. हे मान्य असेल तर तीन हजारांचा चेक उद्या घेऊन जा. मान्य नसेल तर मी चेक अडवणार नाही, तो मंडळाचा हक्क आहे. पण सभेत हा विषय मी मांडणार, आणि कुणीतरी अनुमोदन द्या.

मंडळाचं काय ठरेल ते ठरो, संक्रांतीनंतरच्या शनिवारी दुपारी चारपासून माझ्याकडे हळदीकुंकू आहे, घर नंबर सहाशे चार. वाण आणून ठेवलंय, पितळी पळ्या, तुळशीबागेतून, साठ नग. तिळाच्या वड्या सासूबाई करणार आहेत. कुंकू लावायला माझी मुलगी आणि मी दोघी असू. ज्यांना माझ्या हातून नको असेल त्यांनी मुलीच्या हातून लावून घ्या, मी मनात काही धरणार नाही.

पहिलं बोलावणं तीनशे दोनमध्ये झालंय. काकू आधी नको म्हणाल्या, आता ह्या वयात कशाला, गुडघे दुखतात, लिफ्ट बंद असते. मी चहा पिऊन निघाले, चपला घातल्या, जिन्यापर्यंत आले. मागून दार उघडल्याचा आवाज आला आणि काकूंनी विचारलं, "चार म्हणजे चारला ना गं? आणि हिरवी नेसले तर चालेल?"

तुमची,
सहाशे चारमधली